मधात बुडालेली मोजकाठी

१

एकशे चाळीस किलो मध नाहीसा झाला आणि तो आमच्या ह्यांनी पळवला, असं सकाळचा चहा निवायच्या आत ठरूनही गेलं. ज्या माणसाची गोडाचं नाव काढलं तरी दाढ ठणकते, त्याच्यावर मधाची चोरी! हसावं की रडावं कळेना, म्हणून मी आधी चिडून घेतलं. ते मला चांगलं जमतं.

हे मधपाळांच्या संस्थेत टाकीवाले आहेत. मधपाळ कॅनमधून मध आणतात, तो वजनकाट्यावर तोलला जातो आणि मग मोठ्या टाकीत ओतला जातो. टाकीत एक उंच लाकडी मोजकाठी कायम उभी असते. रोज संध्याकाळी शिडीने वर चढायचं, काठी थोडी वर ओढायची, मधाने ओली झालेली रेघ कितव्या सेंटिमीटरवर आहे ते वाचायचं आणि कार्यालयात सांगायचं. हे वर्षानुवर्षं हेच करत आलेत आणि त्यात कधी एका रेघेची चूक नाही. घरातसुद्धा ह्यांचं बोलणं सेंटिमीटरमध्येच चालतं. जेवणात मीठ जास्त पडलं तर "आज दोन सेंटिमीटर वर गेलंय" म्हणतात.

काल संध्याकाळी ह्यांनी आकडा सांगितला, दीडशे. आज सकाळी एका मोठ्या मागणीसाठी टाकी पूर्ण रिकामी केली, अगदी तळ खरवडून. मधाची पिंपं भरून काट्यावर चढली. निघायला हवा होता एकवीसशे किलो मध. निघाला एक हजार नऊशे साठ.

हे घरी आले ते कंबर धरूनच. गेला आठवडाभर ह्यांची पाठ दुखत होती. रोज मी गरम पाण्याची पिशवी ठेवून देत होते आणि सोबत वय झाल्याचंही ऐकवत होते. आज मात्र ऐकवायची हिंमत झाली नाही. खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं, की अध्यक्षबाईंनी दुपारी सगळ्या सभासदांची बैठक बोलावलीय. तोवर मधाचा पत्ता लागला नाही तर सगळ्यांसमोर ह्यांच्याकडून टाकीची किल्ली काढून घेणार आणि पोलिसांना बोलावणार.

"एकतर मी काठी खोटी वाचली, नाहीतर रात्री जाऊन नळ उघडला, असं म्हणतायत," हे म्हणाले. "काठी वाचणारा मी एकटाच ना."

नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. पण हा माणूस आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान बाळगून होता, आणि तीच त्या लोकांनी ह्यांच्या तोंडावर फेकून मारली होती. मी उठले आणि नणंदेला फोन लावला.

२

आमच्या वन्सं वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षक आहेत. बाजारात त्यांची गाडी दिसली की निम्मे दुकानदार काटे पुसायला लागतात. ह्यांच्याहून लहान, माझ्याहून बुटक्या, पण घरात शिरल्या की घर भरल्यासारखं वाटतं. आल्या त्या हातात वजनांची जड पेटी आणि काखेत चकचकीत लिटरचं माप घेऊनच.

"वहिनी, रडली नाहीस ना?" आल्या आल्या त्यांनी विचारलं.

"तुमच्या दादाशी लग्न केलंय वन्सं, रडायला वेळ कुठे मिळतो?" मी म्हटलं.

त्यांनी ह्यांना समोर बसवून सगळं पहिल्यापासून वदवून घेतलं. टाकी कशी आहे? चौकोनी, तळ मीटर बाय मीटर. मागच्या आठवड्यात ती आतून धुतली आणि नव्याने भरायला घेतली. तेव्हा मदतीला कोण होतं? कोणी नाही. टाकीत उतरून हेच घासत होते. एकटे वजनकाटा सांभाळणारे काटेवाले तेवढे माणुसकीने वागले. मोजकाठी धुऊन ती वाळत घालायला स्वतःच्या काटाखोलीत नेली आणि दुसऱ्या दिवशी हे कामावर पोचायच्या आत टाकीत बसवूनही ठेवली. संस्थेच्या केंद्रात आपला असा तो एकच माणूस, असं ह्यांनी दोनदा सांगितलं.

वन्संनी मान डोलावली आणि मला समजावायला सुरुवात केली. टाकीचा तळ मीटर बाय मीटर, म्हणजे मध एक सेंटिमीटर चढला की दहा लिटर वाढला. दीडशे सेंटिमीटर म्हणजे पंधराशे लिटर. आणि पंधराशे लिटर मधाचं वजन एकवीसशे किलो.

"पंधराशे लिटर म्हणजे पंधराशे किलोच ना?" मी विचारलं.

"ते पाण्याचं झालं. तू पार्सलच्या गोदामात काम करतेस ना? एकाच मापाच्या दोन खोक्यांत एकात पुस्तकं आणि एकात उशा भरल्या तर?"

"तर उशांचं मी उचलीन आणि पुस्तकांचं दुसऱ्याला सांगेन."

"झालं तर मग. लिटर म्हणजे खोकं केवढं ते. किलो म्हणजे आत काय भरलंय त्याचा भार. मध पाण्यापेक्षा जड. लिटरभर मध म्हणजे एक किलो चारशे ग्रॅम."

मग त्यांनी तीन बोटं वर केली. काठी लांबी सांगते, लांबीवरून लिटर निघतात आणि लिटरवरून किलो. या तिघांचं एकमेकांशी जुळायलाच हवं. जुळत नसेल तर तिघांपैकी एक खोटं बोलतोय, आणि कोण ते वन्सं दुपारच्या आत शोधून काढणार होत्या.

"आणि तिघंही खरं बोलत असतील तर?" हे हळूच म्हणाले.

वन्सं उठल्या. पेटी उचलली आणि गाडीकडे चालू लागल्या.

३

केंद्राच्या दारात व्यवस्थापक भेटले. हे गृहस्थ बोलताना समोरच्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना आपण बसची वाट बघतोय असं वाटतं. ते म्हणाले, टाकी धुतल्यापासून काट्यावर तोलून आलेला मध आणि काठीचा आकडा रोज जुळत होता. एक दिवस फरक नाही. म्हणजे मध टाकीत पोचला होता, आणि टाकीच्या नळाची किल्ली एकट्या टाकीवाल्याकडे असते. यावर आणखी काय बोलायचं?

"रोज जुळत होता," वन्संनी तेवढंच पुन्हा म्हटलं आणि काटाखोलीत गेल्या.

काटेवाले सुकलेल्या शेंगेसारखे बारीक, पण चेहरा कायम हसरा. काही टाकून देणं त्यांच्या जिवावर येतं. भिंतीवर वाकडे खिळे सरळ करून डबीत भरलेले, सुतळीचे तुकडे गाठी मारून गुंडाळलेले. आम्हाला बघताच त्यांनी स्टुलं पुढे केली आणि चहा दिला. पहिल्या घोटालाच माझं तोंड वाकडं झालं. ते हसून म्हणाले, या खोलीत साखर यायची बंद होऊन वर्षं झाली, सवय झाली की चहा असाच आवडतो.

वन्संनी पेटी उघडली आणि आपली वजनं एकेक करून काट्यावर चढवली. वीस ठेवले, काट्याने वीस दाखवले. चाळीस ठेवले, चाळीस. कोपऱ्यात ठेवून बघितले, मधोमध ठेवून बघितले. काटा शहाण्या मुलासारखा दर वेळी खरं बोलला.

"माझ्या काट्यात तुम्हाला ग्रॅमची खोट सापडायची नाही ताई," काटेवाले म्हणाले. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून नातू केवढा झाला विचारलं, तर म्हणाले अकरा किलोचा. वय विचारलं तरी हा माणूस वजनच सांगतो, हे सगळ्या केंद्राला ठाऊक आहे.

निघताना त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. "वहिनी, दहा सेंटिमीटर मधापायी असा माणूस घालवू नये. मी बैठकीत उठून सांगणार आहे तसं."

मला भरून आलं. डोळे लपवायला मी खाली बघितलं तर मुंग्यांची रांग लागली होती. दारातून आत, भिंतीच्या कडेने, थेट त्यांच्या टेबलाच्या मागच्या पायापर्यंत. मी मुंग्या म्हणताच ते म्हणाले, सकाळी चहा सांडला होता तिथे, पुसायचं राहिलं. मग लगबगीने फडकं शोधायला लागले.

बाहेर आल्यावर वन्संनी माझा दंड धरला. "काटा खरा आहे, वहिनी. वजन खरं बोलतंय."

म्हणजे मध खरंच कमी होता.

४

प्रयोगशाळेत पाऊल टाकलं आणि तिथल्या बाईंनी काहीतरी घाईघाईने खणात सारलं. मी ते बघितलं आणि वन्संनीही. या बाई रोज मधाचा नमुना काढतात, लिटरभर मधाचं वजन किती ते तपासतात. त्यांच्या बोटाला पट्टी बांधलेली होती आणि डोळे सुजलेले.

माझ्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. मधात पाणी घातलं तर तो हलका होतो! मग उंची तेवढीच दिसेल, लिटरही तेवढेच भरतील, आणि वजन मात्र कमी. मी विजयी मुद्रेने वन्संच्या कानात हे सांगितलं.

"छान," वन्सं म्हणाल्या. "बघू या."

त्यांनी आपलं लिटरचं माप काढलं. सकाळी भरलेल्या पिंपांपैकी एकातून मध त्यात काठोकाठ ओतला, पातं फिरवून वरचा फुगवटा सपाट केला आणि छोट्या काट्यावर ठेवलं. मापाचं स्वतःचं वजन वजा जाता एक किलो चारशे ग्रॅम. पुन्हा दुसऱ्या पिंपातून. तेच. तिसऱ्यातून. तेच. पाण्याचा थेंब कोणी घातलेला नव्हता आणि माझी विजयी मुद्रा तिथेच विरघळली.

"आता खणात काय आहे ते दाखवता?" वन्संनी मऊ आवाजात विचारलं.

बाई रडायलाच लागल्या. खणात काचेचं लिटरचं माप होतं, तोंडाशी फुटलेलं. काल हातातून सुटलं, त्यातच बोट कापलं, आणि आज हा गोंधळ झाल्यावर आपल्यावरच संशय येईल म्हणून लपवलं. मला त्यांची कीव आली. मीच तर क्षणभरापूर्वी त्यांना बेड्या घालून मोकळी झाले होते.

"लिटरही खरं बोलतोय," बाहेर येऊन वन्सं म्हणाल्या. आता चेहऱ्यावर हसू नव्हतं. "उरली दादाची काठी."

५

टाकीच्या खोलीत अध्यक्षबाई आमची वाटच बघत होत्या. या बाईंच्या स्वतःच्या दोनशे पेट्या आहेत मधमाश्यांच्या, आणि मधमाशी पोळ्याकडे उडते तितक्याच सरळ रेषेत त्या बोलतात. त्यांनी वन्संना सांगितलं, तुमच्या भावाबद्दल मला आदर होता, म्हणून तुम्हाला आत येऊ दिलं. पण सभासद जमायला लागलेत.

वन्सं शिडीने वर गेल्या. मागोमाग मी. टाकीच्या झाकणाला एक भोक, त्यातून काठीची मूठ वर आलेली. वन्संनी काठी ओढली आणि आपली पोलादी पट्टी तिला लावली. काठीवरच्या रेघा तापवलेल्या सळईने डागलेल्या, दर दहा सेंटिमीटरला आकडा. शंभर ते एकशे दहा मोजलं, दहा सेंटिमीटर बरोबर. एकशे चाळीस ते दीडशे मोजलं, बरोबर. एकेक रेघ बोटाने चाचपली. कुठे खाडाखोड नाही, कुठे रेघ सरकवलेली नाही.

वजन खरं, लिटर खरा, सेंटिमीटर खरा. तिघं साक्षीदार खरं बोलत असतील तर खोटं बोलणारा एकच उरत होता, आणि तो खाली शिडीचं दांडकं धरून उभा होता.

"झालं समाधान?" खालून अध्यक्षबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मी त्यांच्या बाजूने सांगते.

वन्सं काठीकडे बघत होत्या. मग त्यांनी खाली वाकून ह्यांना विचारलं, "दादा, ही काठी तू पूर्ण बाहेर कधी काढतोस?"

"कधीच नाही," हे म्हणाले. "ओली रेघ दिसली की परत सोडायची. पूर्ण काढली तर मध ठिबकतो आणि मुंग्या येतात. इथे सगळ्यांना पहिल्या दिवशी तेच शिकवतात."

"म्हणजे हिचं खालचं टोक कोणी बघतच नाही."

"खालच्या टोकात बघण्यासारखं काय असतं?"

वन्संनी झाकणाच्या कड्या सोडल्या. झाकण बाजूला सरकवलं आणि दोन्ही हातांनी काठी तिरकी करून वर खेचायला लागल्या.

६

काठीचा शेवट बाहेर आला, खरवडूनही राहिलेला मध टोकावरून तारेसारखा लोंबला. वन्संनी रुमालाने टोक पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

"वाच."

मी वाचलं. "दहा."

"त्याच्या खाली?"

त्याच्या खाली काही नव्हतं. काठी दहापासूनच सुरू होत होती. टोकाचं लाकूड बाकीच्या काठीपेक्षा उजळ, त्यावर करवतीचे दात स्पष्ट उमटलेले. शून्यापासून दहापर्यंतचा तुकडा कोणीतरी कापून नेला होता.

वन्संनी तिथूनच, शिडीच्या टोकावर उभ्या राहून, खाली जमलेल्यांना ते समजावून सांगितलं. सेंटिमीटर खरे होते, पण मोजायला सुरुवात भलत्या ठिकाणाहून होत होती. तळाचा तुकडा गेला की काठी तेवढी खाली बसते. मध असतो एकशे चाळीसवर आणि काठी दाखवते दीडशे. "दहा सेंटिमीटर म्हणजे शंभर लिटर. शंभर लिटर म्हणजे एकशे चाळीस किलो. हरवलेला मध काल रात्री टाकीतून गेलेला नाही. तो टाकीत कधी पडलाच नाही."

"हे काठी कापणंही टाकीवाल्यालाच सोपं होतं," व्यवस्थापक घड्याळाकडे बघत म्हणाले.

वन्सं खाली उतरल्या. "दादा, तुझी पाठ कधीपासून दुखतेय?"

सगळे चमकले. हेही गोंधळले. "टाकी धुतल्यापासून. घासताना लचकली असेल."

"वर चढून काठीची मूठ धरून दाखव."

काठी पुन्हा टाकीत उतरवली, झाकण लावलं. हे वर गेले, मूठ धरायला वाकले आणि वाकताच कळवळले. मी तोंडावर हात ठेवला. मूठ नेहमी ह्यांच्या कमरेला लागायची. कितीदा जेवणाचा डबा द्यायला आले होते, कितीदा बघितलं होतं! हे ताठ उभे राहून, राजदंड धरल्यासारखी काठी वर ओढायचे. आता मूठ दहा सेंटिमीटर खाली गेली होती आणि आठवडाभर हे रोज तेवढे वाकत होते. मी मात्र वयाला बोल लावत बसले होते.

"ज्याने स्वतः काठी कापली, त्याला रोज जास्त वाकावं लागतंय म्हणून पाठ दुखतेय हे ठाऊक असतं," वन्सं म्हणाल्या. "काठी कापली गेली टाकी धुतली तेव्हा. त्या रात्री ती ज्या खोलीत वाळत होती, तिथे. आणि परत टाकीत बसवलीही कापणाऱ्यानेच, म्हणजे खालचं टोक दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडू नये."

ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. चोरीचा आळ आला तेव्हासुद्धा मी तो चेहरा इतका पडलेला बघितला नव्हता.

७

बैठक अंगणात भरली. शेजारीच रिकाम्या कॅनची चळत भिंतीइतकी उंच रचलेली होती, कारण रिकामे कॅन परत न्यायला आज गाडी येणार होती. सभासद बाकांवर, काटेवाले पुढच्या रांगेत.

वन्संनी नाव घेतलं तेव्हा काटेवाले दुखावल्यासारखे हसले. मी मित्राला मदत केली हाच माझा गुन्हा का, असं त्यांनी सभासदांकडे वळून विचारलं. काही माना हलल्या. मी स्वतः दोन तासांपूर्वी याच माणसाच्या चांगुलपणाने डोळे पुसले होते, तेव्हा त्या मानांना मी नावं ठेवणार नाही.

"तुम्ही नातवाचं वयसुद्धा किलोत सांगता," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "सकाळपासून सगळं केंद्र एकशे चाळीस किलो म्हणतंय. तुम्ही एकट्यांनी वहिनीला सांगितलंत, दहा सेंटिमीटर मध. तोवर आम्हीसुद्धा तो हिशेब केला नव्हता. किलोत बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यात सेंटिमीटर कुठून आले?"

"बोलण्याच्या ओघात आलं असेल. त्याचा पुरावा होतो का?"

"नाही होत. पुरावा तुमच्या टेबलाखाली आहे. तिथे मुंग्या लागल्यात आणि तुम्ही म्हणता चहा सांडला. बिनसाखरेच्या चहाला मुंग्या कधीपासून लागायला लागल्या?"

अध्यक्षबाई कोणाची वाट न बघता काटाखोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात टेबलाच्या मागच्या पायाखाली लावलेला लाकडाचा टेकू होता, मुंग्यांनी काळा झालेला. वन्संनी तो झटकला आणि उलटा केला. खालच्या बाजूला डागलेल्या रेघा होत्या, शून्यापासून. काठी आणली, टोकाला तुकडा लावला. करवतीचा दात न् दात जुळला. वर्षानुवर्षं मध प्यालेलं लाकूड धुऊन कोरडं होत नाही, आणि या माणसाच्याने चार बोटांचा तुकडासुद्धा फेकवला नव्हता. डगमगत्या टेबलाला कामी येईल म्हणून ठेवून दिला होता.

काटेवाल्यांचं हसू गेलं, पण जीभ शाबूत होती. "लाकूड म्हणजे मध नव्हे. मध दाखवा. शंभर लिटर मी काय खिशातून नेला?"

वन्सं फाटकाकडे बघायला लागल्या. खरंच, मध कुठे होता? टाकीत पडला नाही, पिंपात आला नाही, फाटकातून बाहेर जाताना पहारेकरी सगळं तपासतो. रिकामे कॅन सोडून सगळं.

रिकामे कॅन!

मी उठले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मी चळतीकडे गेले आणि पदर खोचला. वीस लिटरचा प्रत्येक कॅन बाहेरून अगदी सारखा, तेवढाच उंच, तेवढाच रुंद. एक उचलला, बाजूला टाकला. दुसरा. तिसरा. पार्सलांनी माझ्या हातांना एवढं तरी शिकवलंय की खोकं बघून फसायचं नाही. ह्यांनी मला थांबवायचा प्रयत्न केला, मग तेही पाठ विसरून कॅन उतरवायला लागले. सगळ्यात खालच्या, भिंतीलगतच्या रांगेतला एक कॅन मी धरला आणि माझा खांदा निखळायचा राहिला. कॅन जागचा हलला नाही.

"हा उशांचा नाही, वन्सं," मी ओरडून सांगितलं. "पुस्तकांचा आहे."

एकापाठोपाठ पाच निघाले. पाच कॅन, वीस वीस लिटरचे. ते काट्यावर नेले तेव्हा काटा वाचायला अध्यक्षबाई स्वतः उभ्या राहिल्या. कॅनचं वजन वजा करून त्यांनी आकडा मोठ्याने सांगितला, एकशे चाळीस किलो. अंगणात अशा टाळ्या पडल्या की शेडवरची कबुतरं उडाली. मी ह्यांना सगळ्यांसमोर मिठी मारली. लाज वगैरे नंतर वाटून घेतली.

काटेवाले बाकावर बसून राहिले. मेहुण्याने बेकरी काढलीय, त्याला हवा होता, असं काहीतरी पुटपुटले. कॅन काट्यावर तोलायचे, नोंद करायची आणि टाकी भरायला घेतली त्या पहिल्याच दिवशी त्यातले पाच टाकीऐवजी रिकाम्यांत सरकवायचे, एवढं सोपं होतं. फक्त संध्याकाळी काठीने चहाडी केली असती. म्हणून काठीच बुटकी केली.

हे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवतील. हे फक्त म्हणाले, "मला मागितला असतास तर माझ्या वाट्याचा दिला असता. मी तसाही खात नाही."

काटेवाल्यांना घेऊन व्यवस्थापक कार्यालयात गेले आणि पहिल्यांदाच घड्याळाकडे बघायचं विसरले.

८

अध्यक्षबाईंनी भर सभेत ह्यांची माफी मागितली. आडवळण न घेता, सरळ. टाकीवाल्याने एवढ्या वर्षांत एक रेघ चुकीची वाचली नाही आणि आपण सकाळी अर्ध्या घटकेत त्याला चोर ठरवलं, याची लाज वाटते, असं त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून एक नियमही झाला: दर आठवड्याला काठी पूर्ण बाहेर काढायची आणि शून्य जागेवर आहे का बघायचं. मुंग्या आल्या तर येऊ देत.

वन्संनी काठी आणि तुकडा समोरासमोर ठेवून पितळी पट्टीने जोडून घेतले, पोलादी पट्टी लावून रेघ न् रेघ तपासली आणि आपल्या खात्याचा शिक्का मारला. मी त्यांना म्हटलं, माझ्या हातांनाही एक शिक्का मारा. त्या म्हणाल्या, तुझे हात मी प्रमाणित केलेच आहेत, वहिनी, पण तुझ्या जिभेचं वजन करायला आमच्याकडे काटा नाही.

संध्याकाळी पाचही कॅन टाकीत ओतले गेले. तळाशी पातळसा थर झाला. आज आकडा सांगायची काही गरज नव्हती, पण अध्यक्षबाईंनी सांगितलं, टाकीवाले, काठी वाचा. सभासद घरी न जाता टाकीभोवती उभे राहिले होते. हे शिडी चढले. मी खालून श्वास रोखून बघत होते आणि मला आकड्याशी काही देणंघेणं नव्हतं.

ह्यांनी हात पुढे केला. मूठ कमरेपाशी आली. ह्यांना वाकावं लागलं नाही. ताठ उभे राहून त्यांनी काठी वर ओढली, ओली रेघ बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दहा."